काळजी कोणावर सोपवावी?

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध विधवा बाईचा मुलगा आखाती देशात नोकरीस आहे. तो सुट्टी संपवून मुंबईहून विमानाने परत जातो, त्या रात्री ह्या बाईस झोप म्हणून येत नाही. मागील खेपेस तिच्या नातवाने तिला एक बातमी वाचून दाखविली. विमानांस आकाशात वाट दाखविण्याचे जे काम आजवर माणसे करीत आली, त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेण्याचे प्रयोग परदेशांत चालू आहेत, अशी ती बातमी होती. दुसऱ्या दिवशी बाईने आम्हांस विचारले, "पाळकसाहेब, त्या यंत्राला माझ्या लेकराची काळजी असंल का हो?"

शेजारी उभे असलेले एक सुशिक्षित गृहस्थ हे ऐकून हसले. आम्हांस मात्र हसू आले नाही. जो प्रश्न ह्या बाईने साध्या शब्दांत विचारला, तोच प्रश्न युरोप व अमेरिका येथील लोक आपल्या सरकारांस विचारीत आहेत. शिवाय तो एकट्या विमानांचा प्रश्न नाही. म्हणून त्याचा आज थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. १९२९ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे आर्ची लीग नावाचा मनुष्य विमानतळाच्या मोकळ्या मैदानात खुर्ची टाकून बसे आणि निशाणे दाखवून विमानांस 'थांबा' किंवा 'जा' असे सांगे. ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसणाऱ्या आपल्या राखणदाराहून त्याचे साहित्य फारसे अधिक नव्हते. आज निशाणांच्या जागी रडार, रेडिओ व संगणक आले. पण कामाचा गाभा तोच राहिला आहे. नियंत्रक पडद्यावर अनेक विमाने एकाच वेळी पाहतो, आणि मोठ्या मार्गांवर कोणत्याही दोन विमानांत उंचीचे सुमारे १००० फूट अथवा आडवे सुमारे ५ सागरी मैल इतके अंतर राहील अशी व्यवस्था करतो. आत बसलेला प्रवासी त्याला ओळखत नाही, त्याचा आवाजही ऐकत नाही. तरी त्या प्रवाशाचा जीव काही काळ त्याच्या लक्षावर अवलंबून असतो.

आता कोणी म्हणेल की, माणूस तरी कोठे अचूक आहे? हे म्हणणे अगदी खरे आहे, व ते लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दिल्लीहून निघालेले सौदी विमान व दिल्लीस उतरू पाहणारे कझाकस्तानचे विमान यांची आकाशात टक्कर झाली, आणि ३४९ माणसे मृत्यू पावली. एकही वाचला नाही. कझाक विमानाने १५००० फुटांवर राहावयाचे होते. ते त्याहून खाली आले. चौकशीत दोष त्या विमानाच्या चालकांकडे गेला. परंतु विमानाची उंची पडद्यावर आपोआप दाखविणारे रडार त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकापाशी नव्हते, हेही तितकेच खरे आहे. पुढे भारतात टक्करीची सूचना देणारे यंत्र विमानांत सक्तीचे करण्यात आले. तेव्हा यंत्र म्हणजे शत्रू, असे बोलण्याचा अधिकार निदान आपणांस तरी नाही. जे यंत्र हाताशी असते तर इतके जीव कदाचित वाचते, ते न वापरणे हाही एक अपराधच होय.

मग नवीन काय घडत आहे? लंडनजवळील हीथ्रो विमानतळाचा मनोरा ८७ मीटर उंच आहे. ढग खाली उतरले म्हणजे वर बसलेल्या नियंत्रकास धावपट्टी दिसेनाशी होते, व विमाने अधिक अंतराने उतरवावी लागतात. २०१९ साली तेथे एक प्रयोग हाती घेण्यात आला. जमिनीजवळच्या कॅमेऱ्यांनी घेतलेली चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेने पाहावी, आणि उतरलेले विमान धावपट्टीवरून बाजूस झाले की नियंत्रकास तसे कळवावे, असा तो प्रयोग होता. २०२१ साली ब्रिटनमधील नियंत्रणसंस्था, ॲलन ट्युरिंग इन्स्टिट्यूट व एक्सेटर विद्यापीठ यांनी मिळून 'ब्लूबर्ड' नावाचा प्रकल्प आरंभिला. अशी बुद्धिमत्ता स्वतः विमानांस मार्ग देण्यास शिकू शकेल काय, याचा शोध घेणे हा त्याचा हेतू होता. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: पहिलीवर यंत्र माणसास मदत करते, दुसरीवर यंत्र व माणूस जोडीने काम करतात, आणि तिसरीवर यंत्र पुष्कळसे स्वतंत्रपणे चालते. प्रवासी विमाने एकमेकांपासून दूर ठेवण्याचे काम माणसास वगळून अशा बुद्धिमत्तेच्या स्वाधीन झालेले नाही. परंतु जिना मांडला गेला आहे, आणि जिना मांडतात तो चढण्यासाठीच.

लोकांच्या भीतीची तीन कारणे आम्हांस दिसतात. तिन्ही विचार करण्याजोगी आहेत.

पहिले कारण हे की, जे पूर्वी कधी पाहिले नाही ते समोर आले तर हे यंत्र काय करील? २८ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिटनमध्ये उड्डाणांचे आराखडे वाचणारे यंत्र एकाएकी बंद पडले. एका आराखड्यात एकाच सांकेतिक नावाची दोन ठिकाणे आली होती. एक अमेरिकेतील डेव्हिल्स लेक व दुसरे फ्रान्समधील दोव्हील, म्हणजे एकमेकांपासून सुमारे ४००० सागरी मैल दूर. यंत्रास त्याचा उलगडा होईना, तेव्हा ते थांबले. त्याच्या मदतीस ठेवलेले दुसरे यंत्रही त्याच ठिकाणी अडखळून थांबले. सात लाखांहून अधिक प्रवाशांचे हाल झाले. पण वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ते यंत्र नियमांनी चालणारे, जुन्या धाटणीचे होते. आपणांस कळत नाही असे होताच ते थांबले, आणि म्हणून हाल झाले तरी जीव कोणाचा गेला नाही. लाखो उदाहरणांवरून शिकलेल्या यंत्राची रीत निराळी असते. अनोळखी प्रसंगीही ते काही तरी उत्तर देते, व कित्येकदा मोठ्या ठामपणे देते. 'मला ठाऊक नाही' असे म्हणणे हा माणसांतही दुर्मीळ सद्गुण आहे. तो यंत्रात आणल्यावाचून त्यास मनोऱ्यावर बसविणे धोक्याचे आहे.

दुसरे कारण यंत्राशेजारी बसणाऱ्या माणसाविषयी आहे. 'काळजी नको, देखरेखीस माणूस आहेच,' असे आश्वासन देण्यात येते. परंतु माणसाचा स्वभाव आपण जाणतो. राखणदार गोफण फिरवीत असतो तोवर जागा असतो. पाखरे हाकलण्याचे काम दुसऱ्याने पत्करले आणि ह्याने केवळ त्या दुसऱ्यावर नजर ठेवावी असे ठरले, तर तिसऱ्या दिवशी तो घोंगडी पांघरून निजेल. हा त्याचा दुष्टपणा नव्हे; रिकाम्या हातांनी जागे राहणे मनुष्यास फार कठीण जाते. शिवाय जी विद्या हातांत खेळत नाही ती हातांतून जाते. २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात दिल्लीच्या विमानतळावर उड्डाणांचे आराखडे पोहोचविणारी स्वयंचलित संदेशव्यवस्था बिघडली. ८०० हून अधिक उड्डाणांस उशीर झाला. पण नियंत्रकांनी ते आराखडे स्वतः हातांनी तयार केले व काम चालू ठेवले. त्या हातांस ते काम येत होते म्हणून हे साधले. वीस वर्षे हातांनी काहीच करू दिले नाही, आणि एकविसाव्या वर्षी सगळा भार एकदम त्यांच्यावर टाकला, तर ते कसे पेलतील?

तिसरे कारण आम्हांस सर्वांत मोठे वाटते. शेवटचा शब्द कोणाचा, व उत्तर कोणी द्यावयाचे?

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेन गावावर दोन विमाने एकमेकांच्या वाटेत येत होती. एकात रशियाची पुष्कळ शाळकरी मुले होती. त्या भागाचे नियंत्रण झुरिक येथून होत असे. तेथे त्या वेळी एकच नियंत्रक दोन जागांचे काम पाहत होता. दुसरा विश्रांतीस गेला होता. दुरुस्तीसाठी काही साधने मंद केली होती, व दूरध्वनीही नीट चालत नव्हता. शेजारच्या केंद्रातील लोकांस संकट दिसले, त्यांनी फोन करण्याचा प्रयत्न केला, पण तो लागला नाही. शेवटच्या क्षणी रशियन विमानातील यंत्र म्हणाले, 'वर जा'. नियंत्रक म्हणाला, 'खाली या'. चालकांनी माणसाचे ऐकले. दुसऱ्या विमानाने यंत्राचे ऐकले, आणि त्यास यंत्राने खालीच येण्यास सांगितले होते. ७१ जीव गेले.

ह्या ठिकाणी यंत्र बरोबर होते व माणूस चुकला, असे कोणी म्हणेल तर ते खोटे नाही. पण तेवढेच म्हणून थांबणारा अर्धेच सत्य पाहतो. दोन आवाज निघाले तर कोणता ऐकावा, हे सर्वांच्या मनात पक्के ठसविलेले नव्हते, हेही त्या अपघाताचे मूळ होते. टक्कर टाळण्याच्या यंत्राची आज्ञा अशा वेळी वरचढ मानावी, हा नियम जगभर स्पष्ट करण्यात आला तो त्यानंतर. एकच जबाबदारी दोघांच्या खांद्यांवर ठेवावी आणि कोणाचा खांदा पुढे हे सांगू नये, म्हणजे ती दोघांच्या मधून खाली पडते.

ह्या कथेचा शेवट अधिक दुःखाचा आहे. त्या अपघातात ज्याची पत्नी व दोन मुले मरण पावली, अशा एका बापाने २००४ साली त्या नियंत्रकाच्या घरी जाऊन त्यास ठार मारले. नियंत्रकासही पत्नी व मुले होती. पुढे २००७ साली स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने त्या नियंत्रणसंस्थेच्या चार जणांस हलगर्जीपणाबद्दल दोषी ठरविले. येथे विचार करा की, रात्री एकाच माणसावर भार टाकण्याची वहिवाट ज्यांनी चालू दिली त्यांचा न्याय होण्यास पाच वर्षे लागली; आणि जो पडद्यासमोर एकटा बसला होता, त्याच्यावर सूड मात्र आधीच उगविला गेला. दुःखाने वेडा झालेला मनुष्य एक चेहरा शोधतो. उद्या निर्णय यंत्राने घेतला, तर यंत्रास चेहरा नाही. तेव्हा जो गरीब शेजारी बसविला असेल, त्याचाच चेहरा पुढे केला जाईल. अधिकार यंत्राकडे, नफा मालकाकडे, आणि दोष तेवढा पहारेकऱ्याकडे, अशी वाटणी झाली तर तिला न्याय म्हणता येणार नाही.

येथे एका आक्षेपास उत्तर दिले पाहिजे. 'यंत्रामुळे मरणे कमी होणार असतील, तर उत्तर कोण देतो ह्याला काय महत्त्व? मेलेल्यास उत्तराचा काय उपयोग?' आक्षेप वजनदार आहे. परंतु चरखी दादरीनंतर नियम का बदलले? युबरलिंगेननंतर का बदलले? कारण कोणास तरी उभे राहून 'हे का झाले' ह्याचे उत्तर द्यावे लागले. जेथे उत्तर देणारा कोणी नसतो, तेथे सुधारणाही होत नाही. तीच चूक नवे कपडे घालून पुन्हा येते. म्हणून जबाबदारीचा प्रश्न हा सुरक्षिततेचा पाया आहे.

ज्यांनी विमान पाहिले ते केवळ आकाशातच, अशा आपल्या वाचकांसही हा विचार परका वाटू नये. रेशनच्या दुकानात अंगठा जुळला नाही म्हणून मजुरास रिकाम्या पिशवीने परत पाठविताना दुकानदार काय म्हणतो? 'यंत्र घेत नाही.' यंत्र घेत नाही हे खरे. पण ते तेथे कोणी बसविले, ते अडले तर काय करावे हे कोणी ठरविले, आणि त्या घरची चूल पेटली नाही तर उत्तर कोणाचे? हे तीन प्रश्न मनोऱ्यावर व दुकानात सारखेच आहेत. ते विचारणे म्हणजे अडाणीपणा नव्हे. ते विचारण्याचा ज्यांस हक्क आहे, त्यांत आपण सर्व आलो.

तेव्हा नवे यंत्र यावे, पण अटींवर यावे, असे आमचे मत आहे. त्याने आपले अज्ञान कबूल करावे. शेजारच्या माणसाच्या हातांस रोजचे काम राहावे, आणि यंत्रास 'नाही' म्हणण्यास त्यास वेळ व अधिकार असावा. दोन आवाज निघाले तर कोणता मानावा हे आधी ठरलेले असावे. यंत्र आले म्हणून रात्रीचा दुसरा माणूस कमी करू नये. आणि ज्यांस यंत्राचा लाभ होतो, त्यांनीच त्याच्या चुकीचे उत्तर द्यावे.

आपल्या मराठीत 'काळजी' हा शब्द दोन अर्थांचा आहे. आई लेकराची काळजी करते, म्हणजे चिंता करते. आणि काळजी घेते, म्हणजे त्यास सांभाळते. हे दोन अर्थ एकमेकांस बांधलेले आहेत. आपल्या लेकराची काळजी कोणी घेत आहे असे कळल्यावाचून आईची काळजी हलकी होत नाही. यंत्रास पहिल्या अर्थाने काळजी कधीच नसते. आणि दुसऱ्या अर्थाने ते तेवढीच घेते, जेवढी त्याच्यामागे उभी राहणारी माणसे घेतात.

त्या बाईस आम्ही हेच सांगितले. "बाई, यंत्राला काळजी नसते. ते बसविणाऱ्या माणसांना असली पाहिजे, आणि ती आहे की नाही हे आपण विचारीत राहिले पाहिजे." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजे मी जागते ते काही वाया जात नाही."

आम्हांस वाटते, ते वाया जात नाही.