कोपऱ्यातले पीक कोणाचे?



गेल्या रविवारी मिस्सानंतर मंडपातल्या भाजीच्या टेबलापाशी एक आवाज ऐकू आला, "परत दुधी? हा तिसरा रविवार!" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी जाताना पिशवीतला दुधी पाहून आमच्याही मनात तेच आले होते, हे आम्ही कबूल करतो.

ही तक्रार फार जुनी आहे. 'गणना' या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात इस्राएल लोक मान्ना खाऊन कंटाळले आहेत. त्यांना मिसर देशातली काकडी, खरबूज, कांदा आणि लसूण आठवतो. गंमत अशी की ती भाजी गुलामगिरीतली होती आणि मान्ना स्वातंत्र्यातला होता. तरीही मन मागे धावत होते, कारण मान्ना निवडता येत नव्हता. देव देईल तेच आणि त्या दिवसापुरतेच मिळत होते.

आज बाजारात बाराही महिने फ्लॉवर मिळतो, मटार मिळतो. काय खायचे ते आपण ठरवतो आणि खिसा ठरवतो. आपल्या टेबलावर मात्र निवड आपली नसते. ती पावसाची, मातीची आणि शेजाऱ्याच्या वाडीची असते. पावसाळ्यात शिराळी, पडवळ, काकडी, अळू. थंडीत वालपापडी, मुळा, मेथी, वांगी. केळी मात्र वर्षभर. आपल्या आजी-आजोबांना यात काही विशेष वाटले नसते. त्यांचा स्वयंपाक वाडीला विचारूनच होत असे.

हे टेबल का सुरू झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. हंगामात सगळ्या वाड्या एकदमच पिकतात. मग बाजारात भाव पडतो. तोडणीची मजुरी आणि दादरपर्यंतचे भाडेही सुटत नाही, तेव्हा चांगली भाजी गुरांपुढे जाते किंवा वेलावरच जून होते. त्याच वेळी दोन गल्ल्या पलीकडच्या इमारतीत कोणी पेन्शनवर जगणारे आजोबा पाव किलो भाजी घेताना दोनदा विचार करतात. वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांच्या वर गेली होती. वाड्या कमी झाल्या, बावखले बुजली, माणसे वाढली. पूर्वी कुंपणावरून शेजारी भाजी देत असे. आता कुंपणाच्या जागी भिंत आली, म्हणून टेबल मांडावे लागले.

पहिल्या वर्षी आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगणे आवश्यक वाटते. आम्ही टेबलावर 'गरजूंसाठी' अशी पाटी लावली. हेतू चांगला होता. पण तीन रविवार भाजी तशीच राहिली. ज्यांच्यासाठी ती होती, ते मान खाली घालून बाजूने निघून गेले. सगळ्या गावासमोर कोण म्हणेल, "होय, मी गरजू आहे"? शेवटी एका वयस्कर बाईंनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, "बाबांनो, आधी ती पाटी काढा. आणि तुम्ही स्वतः एक पिशवी उचला." आम्ही तसे केले. त्या दिवशी टेबल अर्ध्या तासात रिकामे झाले.

तेव्हापासून आमच्यापुढे एक प्रश्न उभा आहे. टेबलावर ठेवलेली भाजी कोणाची? ज्याने पिकवली त्याची, आणि तो ती दान करतो? की ती मुळात सगळ्यांचीच आहे?

'लेवीय' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातील नियम पाहा. शेत कापताना कडेपर्यंत कापायचे नाही. गळालेली कणसे वेचायला मागे फिरायचे नाही. द्राक्षमळा पुरता झाडून घ्यायचा नाही. ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायचे. इथे शेतकऱ्याला धान्य कापून, पोत्यात भरून गरिबाच्या दारी न्यायला सांगितलेले नाही. कोपरा सोडायला सांगितले आहे. गरीब येईल आणि आपल्या हाताने घेईल. म्हणजे शेत मालकाचे असले तरी देवाच्या दृष्टीने कोपरा त्याचा नव्हताच. जे आपले नाही, ते सोडण्यात उपकार कसला?

आणखी एक गोष्ट आहे. कोपऱ्यातले कणीस मधल्या कणसासारखेच भरलेले असते. कोपरा म्हणजे उरलेसुरले नव्हे. कधीकधी टेबलावर जून भेंडी आणि किडकी वांगी येतात, तेव्हा हे आठवावे. जे आपल्या ताटात आपण वाढून घेणार नाही, ते प्रभूच्या अंगणात ठेवू नये.

रूथची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ती विधवा, परदेशी स्त्री बवाजाच्या शेतात जवाची कणसे वेचत होती. बवाजाने कापणी करणाऱ्यांना बजावले की तिच्यासाठी मुद्दाम काही कणसे गळू द्या, आणि तिला लाज वाटेल असे काही बोलू नका. त्याने तिच्या भुकेचा विचार केला, तसाच तिच्या मानाचाही केला. आमच्या पाटीत नेमके हेच राहून गेले होते.

एक आक्षेप मात्र आम्ही टाळू इच्छित नाही. चर्चच्या फाटकाबाहेर भाजी घेऊन बसणाऱ्या एका मावशींनी विचारले, "तुम्ही फुकट वाटाल, तर माझ्याकडे कोण येणार?" त्यांचे घर त्या टोपलीवर चालते. एकाला भाकरी देताना दुसरीची भाकरी काढून घ्यायची काय? यावर आम्ही बरेच बोललो. उत्तर पूर्ण सापडले असे म्हणवत नाही. पण दोन गोष्टी ठरवल्या. घरटी एकच पिशवी, तीही आठवड्यातून एकदाच. आणि उरलेले सहा दिवस भाजी शक्यतो या बायकांकडूनच घ्यायची, तीही घासाघीस न करता. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण, उन्हात बसलेल्या मावशींकडे पाच रुपयांसाठी का अडून बसतो?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, अन्न फेकणे म्हणजे गरिबांच्या ताटातून चोरी करण्यासारखे आहे, असे बजावले होते. २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात त्यांनी हा विचार पुन्हा मांडला. चोरी हा शब्द कठोर वाटतो. पण कोपरा आपला नव्हताच हे मान्य केले, तर दुसरा शब्द सापडत नाही.

संत पौलाने करिंथ येथील भाविकांना अशाच एका गोष्टीवरून खडसावले होते. तिथे प्रभुभोजनासाठी लोक एकत्र येत. पण काही जण आपापले जेवण आधीच उरकून घेत आणि काही उपाशी राहत. आज आपण ख्रिस्तप्रसादासाठी एकाच रांगेत उभे राहतो. तिथे कोणी निवड करत नाही. बंगल्यातल्याला मोठा तुकडा आणि भाड्याच्या खोलीतल्याला लहान, असेही होत नाही. देणारा एकच, आणि आपण सगळे घेणारे. वेदीपासून मंडपातले टेबल जेमतेम पन्नास पावलांवर आहे. तेवढ्या अंतरात आपण पुन्हा देणारे आणि घेणारे असे वेगळे होऊ नये.

म्हणून एक विनंती. वाडी असेल त्यांनी येत्या रविवारी मिस्साआधी ताजी भाजी आणावी, नाव न लिहिता. वाडी नसेल त्यांनी संकोच न करता पिशवी उचलावी. आणि ज्यांना कशाचीच कमतरता नाही, त्यांनीही उचलावी. तुम्ही रांगेत असलात, तर तुमच्या मागचा मान वर करून उभा राहील. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी पिशवी पोहोचवायला तरुणांचे हात हवे आहेत.

आणि पुन्हा दुधीच असला, तर त्यात थोडी सुकट घालून पाहावी. जेवणाआधी देवाचे आभार मानताना, तो ज्याच्या वाडीतून आला त्या अनोळखी शेजाऱ्याचीही आठवण करावी.