हृदयाभोवतीचं पाणी आणि भरलेली घटका

करकंब पंढरपूर तालुक्यातलं, त्यामुळे इथं मरणाची गोष्ट निघाली की ती विठ्ठलापाशी येऊन थांबते: ‘घटका भरली होती.’ त्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण हृदयाभोवती पाणी साचून त्यावर दाब येतो, तेव्हा हे वाक्य घाईचं ठरतं. पाणी सावकाश साचलं तर हृदयाभोवतीची पिशवी ताणत जाते, लिटरभरही मावतं; झपाट्याने साचलं तर 200 मिलिलिटरही जीवघेणं, कारण हृदयाला भरायला जागाच उरत नाही. रक्तदाब घसरतो, मानेच्या शिरा टरारतात, श्वास आत घेताना नाडी बोटाखालून निसटते. सोनोग्राफीच्या पडद्यावर उजव्या कप्प्याची पातळ भिंत आत दबताना दिसते. सुईने थोडं पाणी काढलं, की रक्तदाब बहुधा तिथल्या तिथे सावरतो. असं परतवता येणारं मरण आधीच विधिलिखित कसं म्हणायचं?

कुणी म्हणेल, सुई लागू पडली हेही प्रारब्धच. असेल, पण ते कळतं प्रयत्नानंतर. रामदासांनी दासबोधात प्रयत्नाची थोरवी सांगितली, तीही भक्ती न सोडता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: कर्करोगाने थकलेल्या देहाला पुन्हा पुन्हा का टोचायचं? तिथे रुग्णाची इच्छाच प्रमाण. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आहे. मात्र आपल्याकडे या पाण्याचं एक मोठं कारण क्षयरोग आहे, आणि तो औषधांनी बरा होतो. म्हणून दम, फुगलेल्या शिरा आणि ग्लानी एकत्र दिसली, तर आधी 108 ला फोन लावा. विठ्ठलाचं नाव वाटेतही घेता येतं.