कंदाचे चित्र आणि कंदाचे ज्ञान

एखाद्या समाजाच्या ज्ञानाचा गौरव करणे आणि त्या ज्ञानाचे ऋण मान्य करणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय? ऑस्ट्रेलियातील आदिवासी कलेचा जगभर होणारा सत्कार पाहिला म्हणजे हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहतो.

मध्य ऑस्ट्रेलियातील यूटोपिया या रुक्ष प्रदेशातील स्त्रिया १९७७ साली बाटिक शिकू लागल्या. वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी रेखून ते रंगविण्याची ही कला जावा बेटात बहरलेली. तंत्र परके खरे. परंतु कापडावर काय उमटावे हे त्या स्त्रियांनीच ठरविले. रानातील खाण्याजोग्या वनस्पती आणि पूर्वजांच्या कथा त्यावर उमटल्या. त्यांच्यातीलच एक एमिली कामे उंगवारे. ‘कामे’ हे एका रानकंदाच्या बीजाचे नाव. पुढे १९९५ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी त्या कंदाचे सुमारे आठ मीटर लांबीचे चित्र काढले. काळ्या पटावरील त्यातील पांढऱ्या रेषा म्हणजे जमिनीखालील मुळे आणि कंद पक्व झाल्यावर जमिनीस पडणाऱ्या भेगा. रसिक तेथे रेषांचे लालित्य पाहतो. पण कोठे खणावे हे जाणणाऱ्या दृष्टीवाचून ती रेषा जन्मास आलीच नसती.

ज्ञान घ्यावे आणि ज्ञात्यास दूर ठेवावे, या वृत्तीचे फळ त्या देशाने फार पूर्वीच पाहिले आहे. १८६१ साली कूपर नदीकाठी बर्क व विल्स हे प्रवासी नार्डू नावाच्या वनस्पतीचे पीठ पोटभर खाऊनही क्षीण होत मरण पावले. यांद्रुवांधा लोकांची ते सिद्ध करण्याची रीत त्यांनी नीट पाळली नसावी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. त्यांचा सोबती किंग मात्र त्याच लोकांच्या आश्रयास राहिला आणि वाचला.

विद्या दिल्याने वाढते, असे कोणी म्हणेल. ते आम्हांसही मान्य आहे. परंतु हे वचन देणाऱ्याच्या मुखी शोभते. घेणाऱ्याने ते पुढे करणे म्हणजे धनकोचे औदार्य सांगून त्याचे कर्ज बुडविणे होय. म्हणून दोन संस्कृतींच्या सहकार्याची कसोटी आम्हांस एकच दिसते: पाहुण्याने साधन आणावे, पण घरातील गोष्ट कोणती सांगावी आणि किती सांगावी, हे यजमानानेच ठरवावे. असे जेथे घडते, तेथेच गौरव हा खरा गौरव. अन्यथा ती केवळ सुशोभित उचल होय.