पहाटेची न्याहारी

रात्रपाळी संपवून मनमाड जंक्शनवरून घरी निघालेल्या माणसाला विचारावं, पहाटेच्या गरम चहाची किंमत काय असते. ईस्टरला मला योहानाच्या शुभवर्तमानातला असाच एक प्रसंग आठवतो. रात्रभर जाळी टाकूनही काहीच हाती न लागलेले शिष्य, आणि किनाऱ्यावर विस्तव पेटवून, मासळी-भाकर मांडून त्यांची वाट पाहणारा पुनरुत्थित येशू. त्यांच्यात पेत्रही होता, येशूची ओळख तीनदा नाकारलेला. येशूने त्याला आधी जेवू घातलं, बोलणं नंतर.

पुनरुत्थान म्हणजे मरणापलीकडची आशा, ही श्रद्धा आहेच. पण ते हयातीतही घडतं. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचंच पाहा. १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंचं जग कोसळलं. पुढे त्यांनीच जातीचं सोवळं मनातून काढून टाकलं, कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. जुनी भीती तिथे संपली, आणि एक नवी बाई उठून उभी राहिली.