काळ्या गाड्या आधी

दसऱ्याच्या आधीचा रविवार होता. निगडी प्राधिकरणातल्या आमच्या रो-हाऊसच्या पोर्चमध्ये मी सकाळपासून गाडीच्या बॉनेटवर पॉलिशिंग मशीन फिरवत होतो. दुपारचे दोन वाजले होते. आई जेवायला दोनदा हाक मारून गेली होती. बाबा खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, “हेच काम तुला कुणी रोज आठ तास करायला लावलं, महिन्याला पगार दिला, तर करशील?”

मी हसून विषय टाळला. पण बाबा गंमत म्हणून विचारत नव्हते. भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी ३१ वर्षं स्प्रे पेंटिंग केलं. रंगाच्या ज्या थरावर मी रविवारची मजा म्हणून मशीन फिरवत होतो, तसला थर चढवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यात वर्षभर राहिला. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे, आणि तेही अर्धवटच.

आधी हा छंद काय आहे ते सांगतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभर जे करतो ते हाताला लागत नाही. तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड काळी हॅचबॅक घेतली आणि पहिल्यांदाच ती उन्हात नीट पाहिली. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे दिसत होते. डिटेलिंगवाले यांना स्वर्ल मार्क म्हणतात. खरं तर हे चरे गोल नसतात, ते वाटेल त्या दिशेने गेलेले असतात. प्रकाशाभोवतीच्या वर्तुळात जे बसतात तेवढेच चमकतात, म्हणून जाळं दिसतं. गंमत म्हणजे यातले बहुतेक चरे गाडी धुताना आणि पुसताना पडतात. अंगावर धूळ असताना कोरडं किंवा मळकं फडकं फिरवलं, की धुळीचे कण सँडपेपरचं काम करतात. म्हणजे गाडी रोज पुसून आपण ती रोज थोडी थोडी खरवडत असतो.

हे कळलं आणि मी पुरता अडकलो. वाकडच्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये पाणी वापरायला बंदी आहे, उन्हाळ्यात तर आमची सोसायटी टँकरवरच चालते. म्हणून बाबांच्या पोर्चमध्ये गॅरेज उभं केलं. फरशीचा उतार जाळीकडे करून घेतला. पाणी आणि वीज एकत्र येणार म्हणून सॉकेटला आधी आरसीसीबी बसवला. उन्हात पॉलिश लगेच वाळतं, त्यामुळे वर हिरवी शेडनेट बांधली. भिंतीवर दोन पांढरे एलईडी फ्लडलाईट लावले, कारण चरे दिसले नाहीत तर काढणार कसे? जुन्या चपलांच्या रॅकवर बाटल्या आल्या. दोन बादल्या घेतल्या, एक शांपूची आणि एक मिट खळबळून घ्यायची. दोन्हींच्या तळाशी जाळी टाकली, म्हणजे खाली बसलेली माती पुन्हा वर येत नाही. मग क्ले बार, पॅड, कंपाऊंड आणि ड्युअल ॲक्शन पॉलिशर. सगळं मिळून ३० हजारांच्या वर गेलं. आईला मी आकडा निम्माच सांगितला.

आता या छंदातली नैतिक अडचण. माझी गाडी रोज सकाळी दुसरंच कुणीतरी पुसत होतं.

आमच्या सोसायटीत सकाळी सहाला एक जण येतात. सगळे त्यांना दादा म्हणतात. २४ गाड्या, गाडीमागे महिन्याला ६०० रुपये. नऊ वाजता त्यांना एका ऑफिसात हाऊसकीपिंगच्या ड्युटीवर जायचं असतं. बेसमेंटमध्ये जे काही चालतं ते एका बादलीत आणि दोन फडक्यांत चालतं. कमिटीने एवढंच पाणी मंजूर केलंय आणि ते मधून एकदा बदलता येतं.

स्वर्ल मार्क कळल्यानंतर मला दादांचा राग यायला लागला. लिहितानाही लाज वाटते, पण आला होता. मी रविवारी १० तास घालून बॉनेट आरशासारखं करायचं आणि सोमवारी सहा वाजता त्यावर मळकं फडकं फिरणार. बाल्कनीतून त्यांचा हात फिरताना दिसला की माझ्या पोटात कालवायचं. या माणसाला आपल्या कामाबद्दल आस्थाच नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

हे ठरवायला मला एका पुस्तकाचा आधारही मिळाला. रॉबर्ट पिर्सिग यांचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे १९७४चं पुस्तक हातांनी काहीतरी करणाऱ्या इंजिनिअरांचं लाडकं आहे. त्यात निवेदकाची मोटरसायकल एका वर्कशॉपमधले मेकॅनिक बिघडवून ठेवतात. तिथे रेडिओ चालू असतो आणि ते काम करता करता जणू दुरूनच बघत असल्यासारखे वागतात. निवेदक शोधतो की चुकलं कुठे, आणि त्याला उत्तर मिळतं ते आस्थेच्या अभावाचं. मला ते तेव्हा अगदी पटलं होतं. दर्जा म्हणजे आस्था. ती माझ्याकडे आहे, दादांकडे नाही.

मग मी एक उदार काम केलं. दादांना चार चांगली मायक्रोफायबर कापडं आणून दिली, एक जास्तीची बादली दिली आणि दहा मिनिटं समजावून सांगितलं. आधी धूळ भिजवायची, दाबायचं नाही, गोल फिरवायचं नाही, कापड घडी करून प्रत्येक वेळी नवी बाजू वापरायची. दादा मान डोलावत होते. “बरं सर” म्हणाले.

तीन आठवड्यांनी ती कापडं पाइपवर वाळत घातलेली दिसली. कडक पापडासारखी झाली होती. मायक्रोफायबरचा गुण हा की त्याचे बारीक धागे धूळ धरून ठेवतात, आणि दोषही तोच. ते वेगळं धुवावं लागतं, नीट वाळवावं लागतं, खाली पडलं तर बाजूला काढावं लागतं. नाहीतर साध्या फडक्याइतकंच खरवडतं. दुसरी बादली कोपऱ्यात उपडी होती. मी जरा चिडूनच विचारलं, “दादा, बादली का नाही वापरत?”

“भरू कशानं, सर? नळ वर आहे. जाऊन येईपर्यंत एक गाडी राहते.”

त्या दिवशी ऑफिसला जाताना सिग्नलवर मी हिशेब केला. तीन तास, २४ गाड्या. एका गाडीला साडेसात मिनिटं. त्यातच पाणी आणणं, फडकं पिळणं, पुढच्या गाडीपर्यंत चालणं. माझ्या पद्धतीने एका गाडीच्या साध्या धुण्याला दीड तास लागतो, म्हणजे बारा पट. माझ्या पद्धतीने धुवायचं तर दादांच्या तीन तासांत दोन गाड्या होतील आणि महिन्याला हातात १२०० रुपये येतील. मी गॅरेजवर घातलेले ३० हजार म्हणजे त्यांना माझ्याकडून मिळणारा ५० महिन्यांचा पगार. चार वर्षं आणि दोन महिने.

मी त्यांना कापड दिलं होतं, बादली दिली होती, अक्कलही दिली होती. ज्याची खरी गरज होती तो वेळ दिला नव्हता, कारण वेळाचे पैसे पडतात. उलट जपावं लागणारं कापड देऊन त्यांच्या साडेसात मिनिटांतली दोन मिनिटं मीच खाल्ली होती. माझ्या बॉनेटवरचे चरे दादांच्या हाताने पडले हे खरं, पण त्या हाताचा वेग आम्ही २४ जणांनी मिळून ठरवला होता.

इथे मला पिर्सिगशी भांडावंसं वाटलं. आस्था हा फक्त मनाचा गुण असता, तर ती साडेसात मिनिटांतही तशीच दिसली असती. माझी आस्था दिसते, कारण मला घड्याळ नाही. कंटाळा आला की मी मशीन बंद करून जेवायला जाऊ शकतो. माझं छंदावरचं प्रेम म्हणजे बरंचसं थांबण्याच्या मोकळिकीवरचं प्रेम आहे. बाबांच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर तेव्हाच मिळालं होतं: नाही, पगार दिला तर रोज नाही करणार.

मग प्रश्न असा उरतो की आस्था ही फुरसत असलेल्यांची चैन आहे का? हॅना आरेंट या विचारवंत बाईंनी १९५८ च्या ‘द ह्यूमन कंडिशन’मध्ये श्रम आणि निर्मिती यांत फरक केला आहे. श्रम म्हणजे जे केलं तरी संपत नाही, मागे काही उरत नाही, उद्या पुन्हा करावंच लागतं: स्वयंपाक, झाडलोट, धुणं. निर्मिती म्हणजे जे करून झाल्यावर जगात टिकतं. या मांडणीत मी स्वतःला आनंदाने निर्मितीच्या बाजूला बसवलं असतं, आणि दादांना श्रमाच्या. पण माझी गाडीही शनिवारपर्यंत धुळीने माखते. काम दोघांचं एकच आहे. मला ते निर्मितीसारखं वाटतं एवढंच.

बाबांना मी हे सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं वेगळं पडलं. “वेळ नसला म्हणजे आस्था नसते, असं कुणी सांगितलं? आम्हाला शिफ्टला पीस ठरलेले असायचे. पण बूथमध्ये जाण्याआधी मी पॅनेलवरून हात फिरवायचोच. कुणी बघत नव्हतं, त्याचे पैसेही नव्हते. एक सेकंद लागायचा.” बाबा अजूनही सिग्नलला शेजारच्या गाडीच्या दारावरचं ऑरेंज पील बघत असतात, म्हणजे रंग नीट न पसरल्यामुळे येणारा संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा. निवृत्तीनंतरही त्यांची नजर गेलेली नाही.

त्यानंतर एका सकाळी मी मुद्दाम सहाला खाली गेलो आणि दादांच्या मागे मागे फिरलो. ते गाड्या ओळीने करत नव्हते. आधी माझी, मग कोपऱ्यातली काळी एसयूव्ही, मग पलीकडच्या रांगेतली गडद निळी. त्यांची उगाच पायपीट होत होती. मी विचारलं, “असं उलटसुलट का?”

“काळ्या गाड्या आधी, सर. पाणी नवं असतं तेव्हा. पांढऱ्यांना मागून चालतं, दिसत नाही त्यांच्यावर.”

मी गप्प झालो. म्हणजे इतके दिवस माझी गाडी त्या बादलीतल्या सर्वांत स्वच्छ पाण्याने पुसली जात होती. साडेसात मिनिटांत आणि एका बादलीत जेवढी निगा मावते, तेवढी दादांनी मावेल तशी बसवली होती. मायक्रॉनमध्ये विचार करणाऱ्या मला बॉनेटवरचा चरा बाल्कनीतून जाणवत होता, पण गाड्यांचा क्रम कधी दिसला नव्हता. आस्था नसणं आणि आपल्याला ती न दिसणं यांत मी गल्लत केली होती.

मग काय केलं? फार काही नाही. दादांना म्हटलं, माझी गाडी आठवड्यातून दोनदाच करा, ओल्या कापडाने सावकाश, पैसे तेवढेच. त्यांनी लगेच होकार दिला नाही. “आज म्हणाल दोन दिवस, उद्या म्हणाल काम कमी तर पैसे कमी.” ही शंका रास्त होती. मी तसं करणार नाही, याचं माझ्या शब्दाखेरीज त्यांच्याकडे काय होतं? मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की दर वाढवू आणि दिवसाआड करू, गाड्यांनाही तेच बरं. दोन दिवस चर्चा झाली. एकाने लिहिलं की असं करून तुम्ही रेट बिघडवताय. पाच जण तयार झाले. बाकीच्यांच्या गाड्या अजून रोज होतात, ६०० रुपयांतच. दसऱ्याला दादा पहाटे साडेचारला आले होते. आठपर्यंत सगळ्यांना पूजेला चकाचक गाडी हवी होती. चोवीसच्या चोवीस गाड्यांना झेंडूचे हार होते.

त्या दसऱ्याच्या रविवारी बॉनेटचं मी काय केलं तेही सांगतो. रंगाची जाडी मोजायचं मीटर मित्राकडून आणलं होतं. दारावर ११८ मायक्रॉन, बॉनेटवर ९७. हे मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं. वरच्या क्लिअर कोटची वेगळी सांगत नाही. तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसाहूनही पातळ, आणि उन्हापासून खालचा रंग तोच वाचवतो. ९७ आकड्याचा अर्थ बहुधा एवढाच की आधीच्या मालकाने बॉनेट एकदा घासून घेतलं होतं. चरा काढणं म्हणजे चऱ्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या पातळीपर्यंत खाली आणणं. चरा भरत नाही. प्रत्येक वेळी थोडी गाडी कमी होते.

उजव्या बाजूला बोटभर लांबीचा एक खोल चरा राहिला होता. बाबांनी मीटर बघितलं, त्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, “राहू दे. हा काढायला गेलास तर पाच वर्षांनी इथंच साल निघेल.” मी मशीन बंद केलं आणि जेवायला गेलो.

तो चरा अजून आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी दादा येतात तेव्हा पहिल्यांदा माझीच गाडी करतात. बाकीच्या दिवशी नवं पाणी कोपऱ्यातल्या एसयूव्हीला मिळतं.