मेलेल्यांना घर कशाला?



सुरपूर भागात राजनकोळूर नावाचं गाव आहे. पूर्वी ते आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातच होतं, आता यादगीरकडे गेलं. तिथल्या माळावर दगडाच्या जाड फळ्या उभ्या करून वर तशीच फळी झाकलेली बुटकी घरं आहेत. काहींना एका बाजूला गोल भोकही ठेवलंय. लोक म्हणतात मोऱ्यांची घरं, ठेंगणी माणसं राहायची म्हणे! खरं तर ती थडगी आहेत, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची. सुरपूर संस्थानात कारभार पाहणारे मेडोज टेलर साहेब यांनी 1850 च्या सुमारास ती पाहिली, जेवर्गीजवळचीही काही खोदली. हाडं, राख, मातीची भांडी निघाली. पुढे आयर्लंडच्या विद्वानांपुढे त्यांनी सांगितलं, की तुमच्याकडची आणि दख्खनची थडगी सारखीच दिसतात. आयर्लंडची तर पाच हजार वर्षं जुनी. एकमेकांना कधी न पाहिलेल्या माणसांना एकच सुचलं बघा.

देह म्हणजे टाकलेलं वस्त्र, असं आपण रोज म्हणतो. मग टाकलेल्या वस्त्रासाठी एवढं ओझं कशाला वाहायचं? त्यांना ज्ञान नव्हतं म्हणून सोडून द्यावं, तर आम्हाला पटत नाही. ती फळी एकट्या लेकाच्यानं हलणारी नाही, सगळी वस्ती लागली असणार. आणि एकाही दगडावर नाव नाही! ना मेलेल्याचं, ना बांधणाऱ्याचं. आठवण राहावी म्हणून केलं असेल तर ते फसलं, आज आपण त्यांना ठेंगू म्हणतो. पण त्या दिवशी जे करायचं ते त्यांनी केलं. आम्हाला वाटतं, ऋण तेवढंच असतं.

आपल्याकडेही शेतात समाधी बांधायची रीत आहे, त्यात वाईट काही नाही. ओळखीच्या एका घरात मात्र वडिलांच्या समाधीवरून भावाभावांत बोलणं बंद आहे. ग्रॅनाइट की संगमरवर, आणि पाटीवर पहिलं नाव कुणाचं. आई जिवंत आहे. महिना थोरल्याकडे, महिना धाकट्याकडे, पिशवी भरलेलीच असते तिची. येत्या अमावास्येला बैठक आहे. दगड ठरवायच्या आधी तिला काय हवं ते विचारा, असं आम्ही सेविकांनी दोघांनाही कळवलंय. थोरल्याचा फोन आला होता, धाकट्याचा अजून नाही.