पापातला वाटा

वाल्या वाटसरूंना लुटायचा आणि प्रत्येक हत्येमागे एक खडा रांजणात टाकायचा. असे सात रांजण भरले, असे आपली लोककथा सांगते. पुरंदर तालुक्यातले वाल्हे गाव ही कथा आपलीच मानते. हा वाटमाऱ्या मूळ वाल्मीकी रामायणात नाही. तो अध्यात्मरामायणासारख्या नंतरच्या ग्रंथांतून आपल्यापर्यंत आला. कथेतला ऋषी त्याला आधी एक प्रश्न घरी विचारून यायला सांगतो: ज्यांच्यासाठी तू हे करतोस, ती माणसे तुझ्या पापात वाटा घेतील का? बायकामुले नाही म्हणतात आणि वाल्या कोसळतो. नामजप आणि वारूळ हे सगळे त्यानंतरचे. आपण नामाचा महिमा लक्षात ठेवला, पण त्या बायकोचा नकार विसरलो. प्रेमामुळे चोर सुधारतो, या कल्पनेचा इतिहास मला त्या नकारापासून सुरू झालेला दिसतो.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त ही कल्पना आणखी अवघड वळण घेते. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणले, त्यामुळे त्यातला शर्विलक आपल्याला परका नाही. जन्माने ब्राह्मण असलेला हा माणूस भिंतीला भोक पाडताना माप घ्यायला जानवे वापरतो. तो चोरी करतो तीच प्रेमापोटी, कारण दासी असलेल्या मदनिकेला पैसे भरून सोडवायचे आहे. चारुदत्ताच्या घरातून लांबवलेले दागिने तो तिच्यापुढे ठेवतो. ते तिच्याच मालकिणीचे, वसंतसेनेचे आहेत, हे मदनिका ओळखते. त्या दागिन्यांवर सुटका विकत घेण्याऐवजी ती त्याला ते परत करायला लावते. वसंतसेना हे सगळे आडून ऐकते आणि मदनिकेला मोकळी करून त्याच्या हाती देते. माणूस प्रेमापोटी चोरीही करू शकतो, हे नाटककाराला पक्के ठाऊक होते. म्हणूनच तो सारा भार मदनिकेच्या विवेकावर आणि वसंतसेनेच्या औदार्यावर ठेवतो.

या औदार्याची गरज ओ. हेन्रीने ओळखली होती. अपहाराच्या आरोपाखाली अमेरिकेतल्या ओहायोच्या तुरुंगात त्याने स्वतः शिक्षा भोगली होती. 1903 साली आलेल्या त्याच्या कथेतला जिमी व्हॅलेंटाइन हा तिजोरीफोड्या ॲनाबेलच्या प्रेमात पडतो, नाव बदलतो, चपला-बुटांचे दुकान टाकतो. पुढे तिची भाची तिजोरीत अडकते आणि तिला वाचवायला तो आपली जुनी विद्या सगळ्यांसमोर वापरतो. त्याला पकडायला आलेला गुप्तहेर ओळख न दाखवता निघून जातो. जिमीने स्वतःला कितीही बदलले असले, तरी गुप्तहेराने त्या क्षणी बेड्या ठोकल्या असत्या तर ते बदलणे तिथेच संपले असते.

आपल्या देशात तर कायद्यानेच गुन्हेगाराची ओळख पिढ्यानपिढ्या कपाळावर कोरली होती. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्खे समाज जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 साली गेला, शिक्का मात्र गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ वाचताना कळते, की पोलीस दारात उभे असतात आणि गावात काम मिळत नाही, तेव्हा घरातल्या माणसांची माया कितीही खरी असली तरी ती एकटी पुरत नाही. मायेला कसायला जमीन लागते, करायला काम लागते. औंध संस्थानाने हे जाणले होते. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या खुल्या वसाहतीत 1939पासून कैदी आपल्या कुटुंबासह राहून शेती करू लागले. व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा तिथलीच.

प्रेमामुळे गुन्हेगार सुधारतो का, हा प्रश्न संशोधकांनी आकड्यांत मांडला तो बराच उशिरा. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी बोस्टनच्या 500 बालगुन्हेगारांची जुनी माहिती पुन्हा तपासली, त्यांतल्या काहींना सत्तरीपर्यंत गाठले. लग्नाच्या काळात गुन्ह्याची शक्यता सरासरी सुमारे 35 टक्क्यांनी कमी होते, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांच्याच आधीच्या कामात दिसले होते, की हा परिणाम नाते चांगले असेल तरच आणि हळूहळू साचत जातो. पुढे नॉर्वेतल्या नोंदी पाहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट आढळली: गुन्हे कमी होणे बरेचदा लग्नाच्या आधीच सुरू झालेले असते.

हा शेवटचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो, कारण आपल्या घराघरांत अजून उलटे बोलले जाते. पोरगा बिघडला की वडीलधारे म्हणतात, ‘दोनाचे चार करून टाका, सुधारेल.’ मग काहीच न सांगता एक अनोळखी मुलगी त्या घरात आणली जाते. तो सुधारला तर तिचा पायगुण, नाही सुधारला तर तिलाच धरून ठेवता आले नाही, असा ठपका. ज्याने स्वतः पहिले पाऊल टाकलेले नाही, त्याला प्रेम चालवू शकत नाही. पण ज्याने ते टाकले आहे, त्याला पुन्हा न घसरण्याचे बळ प्रेम नक्की देते, आणि हे बळ मी मुळीच कमी लेखत नाही. म्हणून बदल आधी दिसू द्यावा, लग्नाचे नंतर पाहावे, आणि मुलीला त्याचा भूतकाळ आधी सांगावा. सुटून आलेल्याला काम देणे, भाड्याने खोली देणे हे मात्र तिच्या एकटीच्या हातातले नाही. ते काम शेजाऱ्यांचे, मालकांचे, आपले सगळ्यांचे आहे.